पेल्याची साक्ष

मी सांगतोय म्हटल्यावर निम्मं तुम्ही सोडूनच द्याल, तर खुशाल सोडा. त्या उन्हाळ्यात डबक्यात एका वेळी एकच बेडूक मावायचा आणि बाकीचे काठावर नंबर लावून बसायचे, हे सोडा. पण मंडळीच्या विहिरीचा तळ त्या वर्षी पहिल्यांदा उघडा पडला आणि ती चाळीस हात खोल होती, एवढं धरून ठेवा. दोर माझा होता.

मंडळीची म्हणजे चर्चची. चर्च, त्याला लागून लहान पोरांची शाळा, पलीकडे पाळकांचं घर. सगळ्यांची तहान त्या एका विहिरीवर. उन्हाळा अर्धा सरला तेव्हा बादली चिखल घेऊन वर यायला लागली आणि पाळकांनी गाळ काढायला आम्हाला बोलावलं. आम्ही तिघं. खाली उतरायचा पेल्या, रहाट ओढायचो मी, आणि वर आलेलं टोपलं डोक्यावर घेऊन कुंपणाशी ओतायची पेल्याची बायको. तिला मी सूनबाई म्हणायचो. ती मला काही म्हणायची नाही, कारण मी बोलायला लागलो की टोपली तुंबायची.

पेल्याला पेल्या म्हणायला लागले त्याला वीस वर्षं झाली होती. तरणाबांड असताना तो याच चर्चची कौलं चाळायला आला. शनिवारी तो छपरावर होता आणि रविवारी प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सगळे ओठाला लावतात तो, चांदीचा पेला जागेवर नव्हता. आता यात शोध लावायला कितीसं डोकं लागतं? चौकीत कोंडला आणि बडवला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, हो, मीच घेतला. कुठे ठेवला विचारलं तर त्याला सांगता येईना, म्हणून आणखी एक दिवस बडवला.

तेव्हाचे म्हातारे पाळक मात्र देवमाणूस. त्यांनी तक्रार मागे घेतली, त्याला सोडवून घरी आणलं, पाठीवरचे वळ स्वतःच्या हाताने धुतले. पेल्या त्या घरात महिनाभर राहिला आणि बाप्तिस्मा घेऊन बाहेर पडला. बायकोने पण घेतला. पोरगी तेव्हा पोटात होती.

तेव्हापासून दरवर्षी पाहुणे आले की पेल्याला उभं करायचे. साक्ष दे म्हणायचे. तो उभा राहायचा, टोपी हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "मी चोर होतो. प्रभूने मला धुतलं." बायका डोळे पुसायच्या. पहिल्या वर्षी नुसता पेला होता. चौथ्या वर्षी कपाटाचं कुलूप फोडलं गेलं. दहाव्या वर्षी पेल्याच्या कमरेला सुरा आला. हे मी वाढवलेलं नाही, शपथ. ते पाहुण्यांची ओळख करून देणारे वाढवायचे आणि पेल्या खाली बघून मान हलवायचा. साक्षीच्या दिवशी घरी आला की तो जेवायचा नाही. पोट बिघडलंय म्हणायचा. वीस वर्षं ठरावीक दिवशी बिघडणारं पोट मी दुसरं पाहिलेलं नाही.

बरं, धुतला म्हणजे धुतला ना? पण लग्नघरी तो विहिरीचं पाणी पोचवायला गेला की यजमानीण भांडी मोजायला बसायची, त्याच्याकडे बघत, मोठ्याने. आणि मंडळीतले लोक प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हा आमचा चोर."

पोरगी वीस वर्षांची झाली होती. शिकली, दोन परीक्षा पास झाली. शाळेतल्या थोरल्या बाई गेल्या पावसापासून गुडघ्यांनी बसल्या, तेव्हा लहान पोरांचा वर्ग हिनेच सांभाळला. पोरं तिला इतकी चिकटली की घरी जाताना एकेकाला तिच्या पदरापासून सोडवायला लागायचं. थोरल्या बाईंची जागा आता रिकामी व्हायची होती. येत्या रविवारी उपासना झाल्यावर पंच बसून ठरवणार होते. पंचांपैकी एक जण लाकडाच्या वखारीचा मालक. तो आधीच बोलून गेला होता, "पोरगी हुशार आहे, ना नाही. पण शाळेच्या किल्ल्या पेल्याच्या घरात ठेवायच्या म्हणजे..."

हा रविवार आमच्या सगळ्यांच्या मानेवर बसला होता. आम्ही गाळ काढत होतो, इतकंच.

तिसऱ्या दिवशी पेल्या कमरेइतक्या काळ्या राडीत होता. वरून बघितलं तर नुसतं डोकं आणि दोन हात दिसायचे. तळाचा गाळ वास मारतो, कुजलेल्या अंड्यासारखा. तो नाकातोंडाला फडकं बांधून फावडं घालायचा आणि दर वीस टोपल्यांनी दम घ्यायला वर तोंड करायचा. दुपारी दोराला हिसका बसला, एकदा नाही, तीनदा. तीन म्हणजे मला वर घ्या.

"साप आहे का रे?" मी ओरडलो.

मी रहाटाला भिडलो. ओढला. कठड्यावर पाय टेकला तेव्हा त्याचा एक हात सदऱ्याच्या आत होता. सूनबाई धावत आली. "हात मोडला का?"

त्याने हात बाहेर काढला. चिखलाचा गोळाच तो. अंगठ्याने एका बाजूचा चिखल पुसला तशी काळवंडलेली कड दिसली, आणि कडेखाली कोरलेला क्रूस.

सूनबाई खाली बसली. चाकरीवर असलेल्या माणसाने कामाच्या वेळात बसू नये, पण ती बसली. मग म्हणाली, "अहो, हा तर..."

"हो."

"विहिरीत?"

"हो."

तिने तो त्याच्या हातातून घेतला, पदरात गुंडाळला आणि सरळ घराकडे चालायला लागली. त्या दिवशी आम्ही पुढे एकही टोपलं काढलं नाही.

घरी गेलो तर ती चुलीपुढे बसून राखेने पेला घासत होती. असं घासत होती की चांदी झिजून जाईल. पोरगी दाराला टेकून उभी. पेला उजळत गेला. एका अंगाला चेपलेला होता, पडताना दगडाला लागला असेल.

"आता दाखवते एकेकाला," सूनबाई म्हणाली. "आधी त्या वखारवाल्याच्या बायकोला. माझ्यापुढे वाट्या मोजते. वीस वर्षं! भाजीवाली पण मला म्हणते, पेल्याची बायको ना, आधी पैसे ठेव."

पोरगी हसत होती आणि रडत होती. "बाबा, आता किल्ल्यांचं कोणी बोलणार नाही."

पेल्या पाय धूत होता. गाळ नखांत बसला की दोन दोन दिवस निघत नाही. तो एकेक नख कोरत बसला होता.

"मी साक्ष खोटी दिली," तो म्हणाला.

"मार खाऊन दिलीत!" बायको म्हणाली.

"मार चार दिवसांचा होता. साक्ष वीस वर्षांची."

मी म्हटलं, "अरे, मग बोलायचं नाही का आधी? म्हातारे पाळक तर तुझे बाप झाले होते."

त्याने आणखी एक नख कोरलं. मग म्हणाला, "काका, त्यांनी माझी पाठ धुतली. धुता धुता म्हणाले, प्रभू म्हणतो, तू माझा आहेस. मला तोवर असं कोणी म्हटलं नव्हतं. आईने पण नाही, तिला वेळ नव्हता. मला वाटलं, हे वचन चोराला मिळालंय. मी चोर नाही असं सांगितलं तर वचन परत घेतील. मग मी कुणाचा?"

सूनबाईचा घासणारा हात थांबला. मग तिने पुन्हा घासायला घेतलं, पण हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पाळकांकडे गेलो. हे नवे पाळक, तिशीचे, स्वच्छ कपड्यांचे, मनाने वाईट नाहीत. त्यांनी पेला पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. पेल्याने सगळं सांगितलं. पाळक खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, परत आले.

"भाऊ, बसा."

पेल्या गाळाच्या कपड्यांत होता. तो उभाच राहिला.

"रविवारी बाहेरगावच्या मंडळीचे वडीलधारे येताहेत, तुमची साक्ष ऐकायला. तुमची साक्ष ऐकून किती दारुडे सुधारले, ठाऊक आहे तुम्हाला? त्यांना आता काय सांगायचं? की ते सगळं खोटं होतं?"

"प्रभूने मला धरलं ते खोटं नव्हतं."

"तेच तर म्हणतो मी!" पाळक पुढे झुकले. "मग तेवढंच सांगा. असं बघा, तुम्ही पेला घेतला, मग पस्तावलात आणि घाबरून विहिरीत टाकलात. आज वीस वर्षांनी प्रभूने विहीर आटवून तो तुमच्याच हातात परत दिला. भाऊ, याहून मोठी साक्ष कोणती? आणि वखारवाले काय बोलतात ते माझ्या कानावर आलंय. एवढं ऐकल्यावर तेच स्वतः किल्ल्या तुमच्या मुलीच्या हातात देतील. मी शब्द देतो."

खरं सांगायला हवं. मला ती गोष्ट फार आवडली. आयुष्यभर थापा मारून मला असली एक सुचली नव्हती. बाहेर पडल्यावर मी पेल्याला म्हटलं, "पेला टाकताना विजा चमकत होत्या असं घाल. आणि काल फावडं लागलं तेव्हा आतून घंटेसारखा नाद आला म्हण."

"काका, तुम्हाला कोणी खोटारडा म्हणतं का?"

"छे. थापाड्या म्हणतात, आणि वर चहा पाजतात."

"हं," तो म्हणाला आणि शाळेकडे वळला.

थोरल्या बाई वर्गात एकट्याच बसल्या होत्या, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. पोरं सुटली होती. पेल्याने पेला टेबलावर ठेवला, खडूच्या डब्याशेजारी. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मग त्या चांदीच्या भांड्यावर डस्टरचं फडकं टाकलं.

"दार लाव," त्या म्हणाल्या.

प्रभुभोजनाची भांडी बाईच धुवायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. विधवा झाल्या तेव्हा मंडळीने त्यांना शाळेमागची खोली दिली आणि हे काम दिलं. पवित्र पेल्याचं धुवण लोकांच्या पायाखाली यायला नको म्हणून ते जमिनीवर ओतायचं नाही, असा म्हाताऱ्या पाळकांचा दंडक होता. बाई कठड्यावर वाकून ते धुवण परत विहिरीत सोडायच्या. दर शनिवारी. ओल्या हाताने.

"निसटला," बाई म्हणाल्या. "आवाज पण आला नाही धड. मी तिथेच बसून राहिले. म्हटलं, उपासनेनंतर सांगेन. उपासनेत तर तुला धरला. म्हटलं, उद्या सांगेन."

पेल्याने टेबलावरच्या फडक्याची कड सरळ केली.

"खोली काढून घेतली असती रे माझी. मी कुठे जाणार होते? आणि मग तूच म्हणालास, मी घेतला. तू म्हणालास! तेव्हा मला वाटायला लागलं की माझ्या हातून निसटला तो दुसरा असेल. साधा, पितळेचा. तू कबूल केलंस म्हणजे काहीतरी असणारच. मी स्वतःला सांगत गेले. पुढेपुढे मला ते दिसायला लागलं, तू कपाट उघडताना." त्या हात चोळत होत्या. "तुझी साक्ष ऐकून मी दरवर्षी रडलेय. खरं रडलेय."

"मी पाहिलंय," पेल्या म्हणाला.

"पोरीला वर्ग मी देते. माझा शब्द पंच मोडणार नाहीत. तू हे झाकून ठेव. माझी किती वर्षं राहिलीत?"

एका दिवसात दोघांनी पोरीला तोच वर्ग देऊ केला होता आणि दोघांचं मागणं एकच होतं. मी बाहेर आल्यावर म्हटलं, "लेका, दोन्हीकडून दार उघडलंय. नुसतं आत जायचंय." तो म्हणाला, "उतरू या. अजून दीड हात गाळ आहे." आणि उतरला. त्या दिवशी त्याने एकट्याने शंभर टोपली भरली. ही शंभर मोजलेली आहेत, सूनबाईची मान संध्याकाळी वळत नव्हती. उरलेला गाळ शनिवारी निघाला आणि तळाच्या कपारीतून पाणी पाझरायला लागलं.

रविवारी चर्च भरलं होतं. मी एरवी त्या दारात पाऊल टाकत नाही, बाहेर खिडकीशी उभा राहून ऐकतो, पण त्या दिवशी मागे जाऊन बसलो. पाहुणे पहिल्या बाकावर. पेला शुभ्र कापडावर ठेवला होता, बघणाऱ्याला दुरूनच कळावं असा. पाळकांनी थोडी पार्श्वभूमी सांगितली. विहीर, दुष्काळ, देवाचा हात. लोक पुढे सरकून बसले. पोरगी आईशेजारी होती, कडक इस्त्रीची साडी नेसून.

पेल्या उभा राहिला. टोपी हातात घेतली नाही, डोक्यावरच राहिली. वखारवाल्याच्या कपाळाला तिथेच आठी पडली.

"हा पेला मी चोरला नव्हता," तो म्हणाला.

पाळकांनी घसा खाकरला.

"मला मारलं, म्हणून मी हो म्हणालो. नंतर कोणी मारत नव्हतं, तरी मी हो म्हणत राहिलो. तो गुन्हा माझा. त्याची क्षमा मी मागतो. चोरीची नाही मागत. प्रभूला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू माझा आहेस असं त्याने मला म्हटलं, चोराला नाही. मलाच ते कळायला वीस वर्षं लागली. इतकंच."

तो बसायला लागला तेव्हा वखारवाला उठला. "मग चोरला कोणी? विहिरीत टाकला कोणी?"

"मी माझं सांगायला उभा राहिलो होतो."

"म्हणजे सांगायला नाव नाही. वाटलंच." वखारवाला पाहुण्यांकडे वळला. "साहेब, हा माणूस वीस वर्षं देवाच्या घरात उभा राहून खोटं बोलला, हे त्याच्याच तोंडून ऐकलंत. आता खरं बोलतोय हे कशावरून?"

मी थोरल्या बाईंकडे बघत होतो. त्यांनी गीतांचं पुस्तक उघडलं होतं आणि पान शोधत होत्या. पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा होता.

पंच बसले ते तासभरसुद्धा नाही. पेल्याला सहा महिने प्रभुभोजन बंद. त्याने शेवटच्या बाकावर बसायचं, ऐकायचं, घ्यायचं नाही. शाळेची जागा शेजारच्या गावच्या एका मुलीला, जी एक परीक्षा नापास होती. हे सांगायला पाळक स्वतः पेल्याच्या घरी आले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दारातच उभे राहिले. "मी खूप प्रयत्न केला, भाऊ. पण चोराच्या मुलीला एक वेळ घेतलं असतं, म्हणतात. पश्चात्ताप केलेला चोर चालतो. पण खोटं बोलणाऱ्याच्या घरातून पोरांना शिकवायला..."

"पाणी घेता?" पेल्या म्हणाला.

पाळकांनी घेतलं नाही.

सूनबाईने भाकरी थापली, पुढे सरकवली. पेल्या जेवला. दोन घास जास्तच जेवला. तेवढ्याने ती भडकली.

"पोट नाही बिघडलं आज?"

"नाही."

"पोरीचं वाटोळं केलंत आणि जेवताय!"

पोरगी कोपऱ्यात साडीची घडी घालत होती. "बाबा, मला विचारायचं तरी."

"काय म्हणाली असतीस?"

ती घडी घालत राहिली. शेवटी म्हणाली, "गप्प राहा म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं."

"हे बरं आहे," पोरगी म्हणाली. "तुम्ही सुटलात, मी अडकले." ती बाहेर गेली आणि वर्गातल्या पोरांनी अंगणात खडूने काढलेल्या अक्षरांवर पाय घासून ती पुसत राहिली. पेल्या उठला नाही. त्याचा चेहरा मी पाहिला. सुटलेल्या माणसाचा नव्हता तो. पण दुसऱ्या कुणाचाही नव्हता.

आता गावाचं बघा. आठवड्यात पेल्याचा खोट्या झाला. वीस वर्षं लोकांनी एक शब्द वापरला आणि तो चुकीचा निघाला, तर दुसरा लागणारच. रिकामा माणूस कोणी ठेवत नाही. बाजारात कोणी त्याला विचारायचं, "खोट्या, आज वार कोणता? उलट सांगू नकोस." तो वार सांगायचा. लोक हसायचे. मी पण एकदा हसलो, आणि माझ्यासारख्या माणसाने हसावं याची मला नंतर लाज वाटली. आयुष्यात ती दोनदाच वाटली आहे, दुसरी वेळ सांगणार नाही.

मी त्याला विचारलं एकदा, बाकावर शेजारी बसून. हो, मी जायला लागलो, शेवटचा बाक रिकामाच असतो. सगळे पुढे जाऊन तो चेपलेला पेला ओठाला लावत होते आणि आम्ही दोघं बघत होतो. म्हटलं, "काय मिळालं रे तुला?"

"वीस वर्षं मी त्याच्यापुढे दुसऱ्याचं तोंड घेऊन उभा राहायचो," तो हळूच म्हणाला. "आता माझं आहे. आवडेल न आवडेल, ते तो बघेल."

"आणि पोरगी?"

तो पुढे बघत राहिला.

पाऊस अजून लांब होता आणि गाळाची कामं येत होती. खोट्या असो की चोर, चाळीस हात खाली उतरायला दुसरं कोण तयार होतं? पुढची विहीर वखारवाल्याचीच. त्या सकाळी माझा खांदा धरला होता, हात वर जाईना. सूनबाई म्हणाली, आज काम बंद. तेवढ्यात पोरगी आली. जुनी साडी, पदर खोचलेला. कुणाला काही न विचारता रहाटाशी उभी राहिली आणि दोर हातात घेतला.

"बोटं फाटतील," मी म्हटलं.

"फाटू देत, काका. सरका."

पेल्या आधीच दगडांच्या खाचांत पाय देत खाली उतरला होता. त्याला वर कोण आहे ते दिसलं असणार. पहिलं टोपलं आलं ते अर्धं. दुसरं त्याहून कमी. तिसऱ्यात तर गाळ तळाला नुसता चिकटलेला. वखारवाला कठड्याशी छत्री घेऊन उभा होता. "खोट्या, टोपल्यांवर पैसे आहेत म्हणून हलकी पाठवतोस काय?" असं तो वाकून ओरडला.

पोरीने दोर खुंटीला अडकवला. तळवे साडीला पुसले, तिथे लाल डाग उमटला. मग ती कठड्यावरून वाकली. खूप वेळ खाली बघत राहिली. मला वाटलं, आता हिचं सगळं त्याच्या डोक्यावर कोसळणार.

"पूर्ण भरा, बाबा," ती म्हणाली.

थोड्या वेळाने फावडं गाळात घुसल्याचा आवाज आला, मग आणखी एकदा, मग आणखी. दोराला हिसका बसला. पोरीने पाय रोवले आणि ओढायला लागली.